रुळांशेजारचे घर : भाड्यासाठी घ्यावे की न घ्यावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वधूवर-परिचय या दोन गोड कार्यक्रमांच्या मध्ये आगगाडीच्या खडखडाटाचा विषय कोठून आला, असा प्रश्न आपणांस पडला असेल. त्याचे कारण साधे आहे. गेल्या वर्षभरात आपल्या कार्यवाहांकडे दोन कुटुंबांची पत्रे आली. दोन्ही पत्रांत विचारणा एकच होती: रेल्वेच्या रुळांलगत एक सदनिका स्वस्तात मिळत आहे, ती घेऊन भाड्याने द्यावी काय? एक पत्र निवृत्त बँक कर्मचाऱ्याचे आहे. दुसरे एका भगिनीचे आहे. त्यांचे यजमान गेल्या वर्षी निवर्तले, आणि हाती आलेली विम्याची व ग्रॅच्युइटीची रक्कम एवढेच आता त्या घराचे भांडवल आहे. कार्यवाहांनी ती पत्रे माझ्यापुढे ठेवली. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. प्राथमिक शाळेचा शिक्षक. परंतु माझी बरीचशी नोकरी लोहमार्गाला लागून असलेल्या शाळेत झाली, आणि घरे घेणाऱ्यांचे व भाड्याने देणाऱ्यांचे दस्त वाचून देण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आपसूक आले. त्या अधिकाराने चार शब्द बोलतो.

आपल्या लोकांचे रेल्वेशी नाते जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तिला १४ डबे होते आणि सुमारे ४०० निमंत्रित तीत बसले होते. पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. १९२५ साली हार्बर मार्गावर विजेची गाडी धावू लागली, आणि मग कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण असे करीत मध्यमवर्गीय माणूस रुळांच्या कडेकडेने सरकत गेला. घर घेताना ‘स्टेशनपासून किती मिनिटे?’ हा प्रश्न आपण देवघर कोठे येईल या प्रश्नाच्याही आधी विचारतो. यात काही गैर नाही. मात्र येथेच पहिला घोटाळा होतो. स्टेशनाजवळचे घर आणि रुळांजवळचे घर ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत. स्टेशन भाडेकरूला खेचून आणते. रूळ त्याला पळवून लावतात. दोन स्थानकांच्या मधोमध, रुळांना खेटून आणि स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर असलेले घर घेणारा गृहस्थ आवाजाची किंमत पुरेपूर मोजतो आणि सोयीचा एक पैसाही त्याच्या पदरात पडत नाही. याउलट स्टेशनापासून आठदहा मिनिटांवर, पण रुळांकडे पाठ असलेले घर, त्यातही मध्ये दुसऱ्या इमारतीची आड असेल तर, भाड्यासाठी उत्तम. दलाल दोन्हींना ‘स्टेशनलगत’ असेच म्हणतो.

आता आवाजाविषयी. आवाज डेसिबल या मापाने मोजतात. हे माप साध्या पट्टीसारखे नाही. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज ४४ डेसिबलच्या खाली असावा असे सांगितले आहे. रुळांलगतच्या उघड्या खिडकीत वेगाने जाणारी गाडी या आकड्यांना सहज ओलांडते. मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय मिळते. ती प्रयोगशाळेइतकी अचूक नसली तरी दोन घरांची तुलना करण्यास पुरेशी आहे.

सर्वच रूळ सारखे वाजत नाहीत, हे मात्र ध्यानात घ्यावे. पूर्वी रुळांचे तुकडे जोडपट्ट्यांनी जोडलेले असत, त्यामुळे चाक प्रत्येक जोडावर ठोका देई. आता लांबच लांब रूळ वितळजोडाने एकसंध केलेले असतात, म्हणून सरळ मार्गावर तो जुना ठेका ऐकू येत नाही. परंतु जेथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तेथील सांधे अजूनही वाजतात, आणि तेथील खडखडाट सरळ मार्गापेक्षा कितीतरी कर्कश असतो. वळणावर चाके किंचाळतात. फाटकाच्या अलीकडे मोटरमनला हॉर्न वाजवावाच लागतो. रुळांच्या कडेला ‘सी/फा’ असे लिहिलेली पिवळी पाटी आपण पाहिली असेल, ती शिट्टी देण्याची खूण आहे. त्या पाटीसमोरचे घर मी तरी कोणास घेऊ देणार नाही. स्थानकाच्या अगदी शेजारी असेल तर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उद्‌घोषणा. लोकल गाड्या मध्यरात्रीनंतर काही तास विसावतात. मालगाड्यांना तसा विसावा नाही. लांबलचक मालगाडी लोकलपेक्षा अधिक वेळ आणि अधिक जड आवाज करीत जाते, शिवाय जमिनीतून कंप पाठविते. कपाटातली भांडी किणकिणतात ती यामुळे.

झाडांची ओळ असेल तर आवाज अडेल, अशी समजूत आहे. एकदोन ओळींनी मनाला बरे वाटते, कानाला फारसे नाही. भक्कम, सलग आणि पुरेशी उंच भिंत मात्र खरोखर अडविते. पण तिचा लाभ खालच्या मजल्यांना. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून रूळ थेट दिसू लागले की भिंत असून नसल्यासारखीच. ‘वर हवा चांगली, आवाज खालीच राहतो’ असे विक्रेता म्हणतो, तेव्हा खिडकीत उभे राहून पाहावे. चाके दिसत असतील तर ती ऐकूही येणार.

आणि पाहावे तर केव्हा? येथे एक चतुराई सांगतो. घर दाखविण्यासाठी रविवारची दुपार सुचविली जाते. रविवारी मेगाब्लॉक असतो. गाड्या दुसऱ्या मार्गावर वळविलेल्या असतात किंवा कमी केलेल्या असतात. त्या शांततेत घर पाहून पेढे वाटलेले लोक मला ठाऊक आहेत. घर पाहावे ते कामाच्या दिवशी सकाळी आठला, आणि पुन्हा रात्री अकरानंतर. दाराशी उभे राहून नव्हे. निजण्याच्या खोलीत खाली बसून, अर्धा तास, खिडकी आधी उघडी व मग बंद ठेवून. शक्य झाल्यास खालच्या मजल्यावरील एखाद्या जुन्या रहिवाशाशी बोलावे. त्याला काहीही विकायचे नसते.

‘सवय होते हो!’ असे उत्तर तो रहिवासी देईल. त्यात तथ्य आहे. तीस वर्षे त्या आवाजात राहणारास गाडी गेलेली कळतही नाही. परंतु अभ्यासकांचे निरीक्षण असे आहे की मन सरावते त्या प्रमाणात शरीर सरावत नाही. झोपेतही गाडी जाताना हृदयाचे ठोके वाढतात. शिवाय भाडेकरूचा प्रश्न निराळा. त्याला सवय होईपर्यंत त्याचे अकरा महिने भरतात आणि तो निघून जातो. मालकाचे खरे नुकसान येथे आहे.

मुलांविषयी मी शिक्षक या नात्याने थोडे अधिक बोलेन. आमच्या शाळेत गाडी येई तेव्हा शिक्षक वाक्य अर्ध्यावर थांबवीत, गाडी जाऊ देत आणि मग क्रियापद उच्चारीत. मुलांना त्याची गंमत वाटे. पण एका तासात असे पुष्कळदा घडले की विषयाचा धागा सुटतो, आणि जे मूल आधीच मागे आहे त्याचा आधी सुटतो. ही केवळ माझी भावना नाही. न्यूयॉर्क शहरात उंचावरून जाणाऱ्या रेल्वेला लागून एक शाळा होती. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९७५ साली तेथील मुलांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध केली. एकाच शाळेतील, पण रुळांकडील वर्गांत बसणारी वरच्या इयत्तेतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली आढळली. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसविल्या, वर्गांची छते आवाज शोषणारी केली, आणि १९८१ साली पुन्हा पाहिले तेव्हा तो फरक उरला नव्हता. म्हणून अभ्यासाची मुले असलेल्या कुटुंबास रुळांकडील खोली ‘मुलांची खोली’ म्हणून दाखविणारा मालक माझ्या मते नीट वागत नाही, मग कायद्याने त्याला कोणी काही म्हणो अथवा न म्हणो.

मग असे घर कोणास द्यावे? तरुण नोकरदार, जे सकाळी सातला बाहेर पडतात आणि रात्री दहाला परततात, त्यांना स्टेशनाची जवळीक हवी असते. परगावाहून परीक्षेसाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी आलेले दोघेतिघे मित्र हेही अशा घरास राजी असतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या परिचारिकेस किंवा कामगारास मात्र हे घर देऊ नये. गाड्यांची गर्दी असते तेव्हाच त्यांची रात्र असते. तान्ह्या मुलाचे कुटुंब, आजारी वृद्ध, यांनाही आपणहून आवाजाची कल्पना द्यावी. लपवून दिलेले घर चार महिन्यांत रिकामे होते. सांगून दिलेले टिकते.

आता हिशेब. मी गृहीत आकडे घेतो. आपण आपापले घालावेत. शांत गल्लीतील सदनिका ६० लाखांची, भाडे महिना १८,००० रुपये. रुळांलगतची तशीच सदनिका ४८ लाखांची, भाडे १६,०००. वर्षाचे भाडे अनुक्रमे २,१६,००० आणि १,९२,०००. किमतीशी प्रमाण पाहिले तर पहिली ३.६ टक्के देते, दुसरी ४ टक्के. दलाल येथपर्यंतच गणित करतो आणि वही मिटतो. आपण पुढे जाऊ. दोन्हीकडे सोसायटीची वर्गणी वर्षाला ३६,०००, मालमत्ता कर ६,००० आणि डागडुजी १०,००० धरा. शांत घर वर्षातून सरासरी अर्धा महिना रिकामे राहिले, तर ९,००० गेले. रुळांलगतचे घर भाडेकरू वरचेवर बदलल्यामुळे दीड महिना रिकामे राहिले, तर २४,००० गेले. हाती उरले शांत घराचे १,५५,०००, म्हणजे सुमारे २.६ टक्के, रुळांकडील घराचे १,१६,०००, म्हणजे सुमारे २.४ टक्के. पारडे फिरले! एका महिन्याच्या रिकाम्या घराने ते फिरविले. प्रत्येक नव्या भाडेकरूमागे दलाली आणि रंगसफेदी येते ती मी अद्याप धरलेलीच नाही, तसेच खरेदीच्या वेळी भरावे लागणारे सहासात टक्क्यांच्या घरातील मुद्रांक शुल्कही नाही. आणि हे दोन्ही आकडे बँकेच्या साध्या मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा कमी आहेत, हे कोणी मोठ्याने बोलत नाही. भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते हा दिलासा खरा. पण तो दोन्ही घरांना सारखाच.

यावर ‘घराची किंमत वाढते ना!’ असे उत्तर येते. वाढतही असेल. परंतु जो दोष आपणांस घेताना १२ लाखांची सूट देऊन गेला, तोच दोष आपण विकताना पुढचा गिऱ्हाईक आपल्याकडून वसूल करणार. सूट ही कमाई नव्हे, उसनवारी आहे. किंमत खरोखर वाढण्यासारखी परिस्थिती एकच: जवळ नवे स्थानक, पादचारी पूल किंवा उड्डाणपूल प्रत्यक्ष उभा राहिला असेल तर. कागदावरच्या पुलाचे पैसे देऊ नयेत.

उलट, रूळ आपल्याकडे सरकण्याचा संभव अधिक. ठाणे ते दिवा पाचवा व सहावा मार्ग २०२२ साली सुरू झाला, तेव्हा जी घरे रुळांपासून दूर होती ती जवळ आली. लोहमार्ग वाढतो तो कडेनेच वाढतो, आणि विशेष प्रकल्पांसाठी जमीन घेण्याचा अधिकार रेल्वे कायद्यात २००८ सालच्या दुरुस्तीने स्पष्ट झाला आहे. म्हणून कागद पाहताना नेहमीच्या भोगवटा प्रमाणपत्राबरोबर आणि रेराच्या नोंदणीबरोबर आणखी एक कागद मागावा. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. तो बांधणाऱ्याकडे आहे काय? ‘सर्व कागद क्लिअर आहेत’ या वाक्यावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदपत्रांवर रेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण आपण वाचले असेल. उच्च न्यायालयाने २०२४ साली त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणारी कुटुंबे आपल्यासारखीच होती आणि त्यांनीही कागद पाहिले होते. मूळ कचेरीत जाऊन पडताळले नव्हते, एवढेच.

त्या दोन पत्रांविषयी माझे मत आता सांगतो. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे स्वतःचे राहते घर आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि त्यांना मिळणारी सदनिका स्टेशनापासून आठ मिनिटांवर असून तिचे स्वयंपाकघर व न्हाणीघर रुळांकडे, निजण्याची खोली मात्र मागील बाजूस आहे. त्यांनी अवश्य घ्यावी, मात्र भावात आणखी खेचून. रुळांकडील खिडक्यांना सरकत्या तावदानांऐवजी बिजागरीची, कडेने रबर बसविलेली झडप लावावी. सरकती खिडकी कितीही जाड काचेची असली तरी फटीतून आवाज आत घेते. दुहेरी काच लावल्यास दोन काचांमध्ये चांगले अंतर ठेवावे. चिकटून लावलेल्या दोन काचांचा उपयोग थोडा. खिडकी बंद राहिली की आत उकडते, म्हणून हवेची सोय त्याच वेळी करावी, नाहीतर भाडेकरू ती उघडीच ठेवील आणि सारा खर्च वाया जाईल.

भगिनींना मात्र मी स्पष्टपणे नको म्हणतो. घर वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्यांचे सारेच भांडवल त्यात जाईल म्हणून. दोन स्थानकांच्या मधले घर, निजण्याची खोली रुळांकडे, आणि घरखर्च त्या भाड्यावर अवलंबून. दोन महिने घर रिकामे राहिले तर निवृत्त बँक कर्मचारी कुरकुर करील. या बाईंच्या मुलीची महाविद्यालयाची फी राहील. अडचणीच्या वेळी अर्धी सदनिका विकता येत नाही. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आणि राष्ट्रीयीकृत बँकेतील ठेवी यांत रक्कम विभागून ठेवावी, मुलीचे शिक्षण पुरे होऊ द्यावे, आणि मग घराचा विचार करावा. दीर वा भाऊ ‘वास्तू हवीच’ म्हणून आग्रह करतील. वास्तूचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या दोन महिन्यांचे भाडे लेखी पत्करावे, म्हणजे आग्रह किती खरा आहे ते समजेल.

भाडेकरूविषयी आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात एक भीती घर करून आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडी आली, आणि ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ ही म्हण झाली. तो काळ गेला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार संपल्यावर राहावयास घेतलेल्या जागेतून जो निघत नाही, त्याच्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून वाईट हे की लेखी करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यात ‘भाडेकरू आपल्याच ज्ञातीचा हवा’ असा हट्ट आहे, आणि ज्ञातीचा मिळाला की भिडेपोटी करार होत नाही. ‘मेहुण्याच्या चुलतभावाकडून काय सही घ्यायची?’ असे म्हणतात. मग भाडे तटते, आणि लग्नमुंजीत एकमेकांकडे पाठ फिरविली जाते. सचोटी ज्ञाती पाहून येत नाही. वेळेवर भाडे देणारा कोणत्याही जातिधर्माचा गृहस्थ करारपत्रावर ठेवावा. आणि आप्त ठेवायचाच असेल तर त्याचेही करारपत्र करावे, शक्य तर आधी.

सोसायटीविषयी एक बारीक गोष्ट राहिली. घर भाड्याने दिले म्हणून काही सोसायट्या मन मानेल तेवढे बिनभोगवटा शुल्क लावतात. शासनाच्या २००१ सालच्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. तसेच भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळवावयाची असते, तिची पोच जपून ठेवावी.

करारपत्रात आवाजासंबंधी एक ओळ घालावी, अशी माझी सूचना आहे: ‘सदर जागा लोहमार्गालगत असून भाडेकरूने ती दिवसा व रात्री प्रत्यक्ष पाहिली आहे.’ ही ओळ लिहायची म्हणजे मालकाला ती जागा रात्री दाखवावीच लागते. मी तयार करून दिलेल्या तीनचार करारांत ती आहे. कार्यवाहांकडे नमुना दिला आहे. मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी तो उतरवून घेता येईल. ज्यांना आपले खरेदीखत दाखवावयाचे असेल त्यांनी मूळ प्रत घरी ठेवून छायाप्रत आणावी.